दोरावरचं चढाई-यंत्र कधी सरकतं, कधी अडकतं: ॲडजस्टमेंटला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. सकाळी पहिल्या झाडावर सगळं सुरळीत. दुपारनंतर फांदीजवळ हात मोकळे सोडून बसलं की यंत्र बोटबोटभर खाली येऊ लागतं. मग यंत्रावर घर्षण कमी-जास्त करायचे जे टप्पे किंवा घरं असतात, त्यातलं एक घर घट्ट केलं जातं. दुसऱ्या दिवशी शेंड्याजवळून उतरताना तेच यंत्र असं अडकून बसतं की लिव्हर दाबून मनगट भरून येतं. मग एक घर सैल. हा घट्ट-सैलचा खेळ काही दिवस चालतो आणि शेवटी निकाल लागतो की यंत्रच बिघडलं आहे.

यंत्रात बहुधा काहीच बदललेलं नसतं. बदललेला असतो दोर, किंवा यंत्राखाली लोंबणाऱ्या दोराचं वजन, किंवा वरच्या अँकरची, म्हणजे दोर ज्यावर टेकतो त्या आधाराची, जागा, किंवा यंत्र छातीशी धरून ठेवणारा इलॅस्टिक. ॲडजस्टमेंट हे या रांगेतलं शेवटचं काम. ते आधी केलं की खरं कारण झाकलं जातं आणि पुढच्या झाडावर वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतं.

इथे बोलतोय ते दोराला वाकवून, वळवून, चिमटून धरणाऱ्या घर्षणाच्या यंत्रांबद्दल: झिगझॅगसारखी कड्यांची साखळी, अकिंबो किंवा रोप रनरसारखी खुंट्या आणि हातांची रचना, आणि दोराला आवळून धरणाऱ्या गाठीच्या वर बसवायचा रोप रेंच. दातेरी ॲसेंडरचा विषय वेगळा, तो इथे नाही. आणखी एक उघड गोष्ट: तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी.

आधी तक्रार नीट ओळखा

"यंत्र नीट चालत नाही" यातून काहीच कळत नाही. चार वेगवेगळ्या गोष्टी लोक एकाच वाक्यात कोंबतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली म्हणजे झोल. चढताना एक टप्पा वर गेलात, वजन टाकलंत, आणि पकड बसण्याआधी चार-पाच सेंटिमीटर परत खाली आलात. एकदा पकडलं की मात्र यंत्र जागचं हलत नाही. दुसरी म्हणजे सरक: पकड बसली आहे, तुम्ही शांत बसला आहात, तरी यंत्र मुंगीच्या पावलांनी खाली येतंय. तिसरी अडक: उतरायला लिव्हर किंवा कड्या दाबल्या तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम हिसका बसतो. चौथी म्हणजे चढताना दोर यंत्रातून आपोआप पुढे सरकत नाही, प्रत्येक वेळी हाताने ओढावा लागतो.

यातल्या झोलाचा आणि चौथ्या तक्रारीचा घर्षणाच्या सेटिंगशी फारसा संबंध नसतो. ती दोन्ही यंत्र धरून ठेवण्याच्या पद्धतीची दुखणी आहेत. तरी सगळ्यात जास्त स्क्रू आणि पिना त्यांच्याच पायी फिरवल्या जातात, हे मला कायम खटकतं. सरक आणि अडक हाच घर्षणाचा खरा प्रश्न, म्हणून बराचसा मजकूर त्यांच्यावर आहे.

खालचा मोकळा दोर किती काम करतो

गोल खुंटीला वळसा घेतलेल्या दोराचा एक जुना नियम आहे, कॅप्स्टनचं समीकरण. वरच्या बाजूचा ताण आणि खालच्या बाजूचा ताण यांचं गुणोत्तर घर्षणांक आणि वळशाचा एकूण कोन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं, आणि तेही घातांकी पद्धतीने. म्हणजे कोन किंवा घर्षणांक थोडासा बदलला तरी पकड बरीच बदलते.

आकडे घालून बघू. समजा यंत्रातल्या सगळ्या खुंट्या मिळून दोर एकूण ७२० अंश वळतो, आणि घर्षणांक ०.२० आहे. वरच्या-खालच्या ताणाचं गुणोत्तर साधारण १२ येतं. ८० किलोचा माणूस लटकत असेल तर तो धरून ठेवायला खालून साडेसहा-सात किलोचा ताण पुरतो. आता दोर गुळगुळीत झाला आणि घर्षणांक ०.१५ वर आला. गुणोत्तर साडेसहाच्या आसपास घसरतं आणि खालून लागणारा ताण १२ किलोवर जातो. यंत्राची एकही पिन हललेली नाही, तरी त्याची धरण्याची ताकद जवळपास निम्मी झाली.

खऱ्या यंत्रात हा खालचा ताण कोण पुरवतं? काही भाग कॅम (भार आला की फिरून दोर दाबणारा तुकडा) किंवा शेवटची कडी दोराला चिमटून देते, काही भाग गाठ देते, आणि उरलेला देतो खाली लोंबणारा मोकळा दोर. या तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. झाडावरच्या चढाईचा जाड दोर मीटरला ढोबळमानाने शंभर ग्रॅम धरा. ३० मीटर उंचीवर तुमच्या यंत्राखाली ३ किलो दोर लोंबतोय. गुणोत्तर १२ असेल तर हे ३ किलो एकटे ३६ किलो पेलायला मदत करतात. तेच जमिनीपासून ३ मीटरवर आलात की खाली उरला ३०० ग्रॅम दोर, आणि त्याची मदत साडेतीन किलोची.

"वर अडकतं, खाली पळतं" या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे. उंचावर अडकतंय म्हणून तिथेच बसून एक घर सैल करणारा माणूस खालच्या पाच मीटरसाठी स्वतःला धोक्यात घालत असतो. त्यामुळे सेटिंग करायचं ते जमिनीजवळ, खाली दोराचं वजन जवळजवळ नसताना. मग उंचावर ते थोडं जड लागणारच. त्यावर उपाय यंत्रात नाही, हातात आहे: उतरताना खालचा हात दोरावरून न काढता मोकळ्या दोराचा थोडा भार वर उचलून धरा, लिव्हर लगेच हलका होतो. फार उंच झाड असेल तर जादा दोर पिशवीत भरून पिशवी वर एखाद्या फांदीला अडकवून ठेवणारेही आहेत. मग खाली येताना पिशवी सोबत घ्यायची आठवण ठेवा, आणि दोर जमिनीपर्यंत पुरेल हे आधी बघा. दोराच्या टोकाला थांबगाठ हवीच.

हेच उलट बाजूनेही घडतं. खालचा दोर मधल्या फांदीवर पडून राहिला की त्याचं वजन यंत्रापर्यंत पोचत नाही आणि यंत्र अचानक सैल वाटतं. तो एखाद्या बेचक्यात अडकला, किंवा खालच्या माणसाने लक्ष नसताना धरून ओढला, तर यंत्र जाम होतं आणि कितीही दाबलं तरी सुटत नाही. वरून ओरडण्याआधी खाली बघा.

एकेरी की दुहेरी, आणि अँकर कशावर

दुहेरी फिरत्या दोरावर, म्हणजे दोर वर फांदीवरून किंवा कडीतून फिरून परत तुमच्याकडे येतो तेव्हा, तुमचं वजन दोन पदरांत वाटलं जातं. यंत्रावर साधारण निम्माच भार येतो. एकेरी स्थिर दोरावर सगळाच्या सगळा. दुहेरीवर छान बसलेलं सेटिंग एकेरीवर तसंच वापरायला गेलात तर ते बिघडल्यासारखं वाटणारच, आणि काही यंत्रांच्या बाबतीत तसं करणं सरळ धोकादायक आहे. झिगझॅग एकेरी दोरावर नुसती वापरायची नसते. तिच्यावर शिकेन नावाचं जोड-ब्रेक बसवावं लागतं. रोप रेंचचा जन्मच याच अडचणीतून झाला: एकेरी दोरावर नुसत्या गाठीने उतरताना सगळं वजन गाठीवर येतं आणि ती सुटत नाही. रेंच वरच्या वर दोर वाकवून त्यातला मोठा वाटा स्वतःकडे घेतो.

दुहेरीतही एक बारकावा आहे जो वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. वरचा अँकर खडबडीत सालीवर आहे की पुलीवर, यावर यंत्राकडे येणारा भार ठरतो. उतरताना दोर यंत्रातून वर जाऊन अँकरवरून तुमच्या हार्नेसला (अंगावरच्या चढाईच्या पट्ट्यांना) बांधलेल्या टोकाकडे सरकतो. त्यामुळे अँकरचं घर्षण बांधलेल्या पदरावरचा भार वाढवतं आणि यंत्रावरचा घटवतं. सालीवरच्या घर्षणाने दोन पदरांत दोनास एक असं प्रमाण पडलं असेल तर ८० किलोतले जवळपास ५३ बांधलेल्या पदरावर आणि २७ यंत्रावर. आता त्याच फांदीवर पुली लावलीत, तर यंत्रावर चाळीसच्या आसपास. काल साल, आज पुली, आणि "यंत्र अचानक पळायला लागलं" अशी तक्रार. अँकर बदलला की पहिलं उतरणं अगदी सावकाश, एवढी सवय लावून घेतली तरी पुष्कळ झालं.

दोर: बहुतेक दोषी इथेच सापडतो

यंत्र काढून ठेवा आणि दोर हातमोजे न घालता पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवा. घाई करू नका. शोधायच्या गोष्टी या:

चकाकणारे, कडक पट्टे. बहुतेक दोरांचं आवरण पॉलिएस्टरचं असतं आणि ते २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. ८० किलोचा माणूस २० मीटर खाली आला की १५ ते १६ हजार जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते, आणि ती जाते यंत्राच्या खुंट्यांत आणि दोराच्या पृष्ठभागात. सावकाश उतरलात तर ती हवेत विरते. झपकन उतरून एकदम थांबलात तर तापलेली खुंटी दोराच्या एकाच जागी टेकून राहते आणि वरचे तंतू वितळून काचेसारखा थर बसतो. अशा जागी घर्षण कमी. मग यंत्र "कधी कधी" सरकतं: त्या पट्ट्यावर आलं की सरकतं, पुढे नीट. सरक ठरावीक जागीच होत असेल तर यंत्राला हात लावण्याचं कारणच उरत नाही. थर वरवरचा असेल तर दोर पुढे-मागे वाकवून तो मोडतो का बघा. आत गाभ्यापर्यंत कडकपणा लागला किंवा आवरणाचे धागे तुटलेले दिसले तर दोराचा तो भाग बाद.

तेल. चेन-सॉच्या बारला लागणारं तेल हे या धंद्यातलं कायमचं दुखणं आहे. करवत हार्नेसला लटकत असते, तिचं तेल ठिबकतं, दोर खाली त्याच भुशात पडलेला असतो. तेलकट दोरावर कुठलंच सेटिंग टिकत नाही. आज जमवलंत तरी तेल खुंट्यांना लागून उद्या आणखी सरकेल.

राळ आणि चीक. सूचिपर्णी झाडांवर काम केलं की दोर उलट चिकट होतो, यंत्र अडकतं, चढताना दोर पुढे सरकत नाही. मग माणूस सैल करतो. पुढे दोर धुतला की तेच सैल सेटिंग अंगाशी येतं.

जाडी. दोरावर छापलेली जाडी नव्या दोराची, ठरावीक वजन टांगून मोजलेली असते. वापराने दोर फुगतो, त्यात धूळ बसते, तंतू उभे राहतात. कॅलिपरने तीन-चार जागी मोजा. झिगझॅग ११.५ ते १३ मिलिमीटरच्या दोरासाठी आहे, इतर यंत्रांच्या मर्यादा त्यांच्यावर कोरलेल्या किंवा पुस्तिकेत दिलेल्या असतात. जुन्या फुगलेल्या दोरावर जमवलेलं यंत्र नव्या दोरावर लावलं की ते सरकणार, त्यात नवल नाही. त्यात नव्या दोरावर कारखान्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो. तो थोड्या वापराने किंवा एका धुण्यात जातो, म्हणून नवीन दोरावर केलेलं सेटिंग कायमचं समजू नका.

आवरण सरकणं. पायातला मोजा खाली उतरून घोट्याशी गोळा होतो, तसं दोराचं आवरण यंत्राच्या रेट्याने गाभ्यावरून खाली खाली ढकललं जातं. मग दोर वर बारीक आणि मऊ, खाली जाड आणि फोफशा. एकाच दोरावर एकच यंत्र वर सरकतं आणि खाली अडकतं. दोन्ही हातांनी आवरण टोकाकडे ओढत न्यायचं, आणि टोकाला स्प्लाइस (दोर विणून केलेला पक्का फास) नसेल तर रिकामं उरलेलं आवरण कापून टोक पुन्हा पक्कं करायचं.

धुणं म्हणजे कोमट पाणी, सौम्य साबण, ब्लीच अजिबात नाही, आणि सावलीत वाळवणं. नायलॉनचा भाग असलेले दोर धुतल्यावर आखडतात, त्यामुळे धुण्यानंतर पहिल्या चढाईआधी पुन्हा चाचणी हवी. राळ काढायला रॉकेल, थिनर असलं काही दोराला लावू नका.

झोल, आणि दोर पुढे न सरकणं

यंत्राला वर धरून ठेवणारा छातीवरचा किंवा गळ्यातला इलॅस्टिक हा अर्धा प्रश्न. तो ढिला असेल तर प्रत्येक टप्प्यानंतर यंत्र आधी खाली लोंबतं आणि मग वजन घेतं. तेवढा झोल तुम्ही दर वेळी परत चढत असता. दमून जायला हे पुरेसं आहे.

तो फार घट्ट असेल तर परिस्थिती जास्त वाईट, कारण यंत्राचा वरचा हात सतत उघडा ओढलेला राहतो आणि वजन टाकल्यावरही पुरता मिटत नाही. हे सरकेसारखं दिसतं. तपासणी सोपी आहे: जमिनीलगत, दुसरा आधार लावून बसा, सरक सुरू झाली की इलॅस्टिक सोडून द्या. सरक थांबली तर दोषी सापडला. बसल्यावर इलॅस्टिकवर ताण जवळजवळ नसावा आणि उभं राहिल्यावर तो यंत्राला लगेच वर घेऊन यावा, इतकाच त्याचा हिशेब.

चढाईच्या सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्ये दोर आपोआप पुढे सरकत नाही हे मात्र स्वाभाविक आहे. खाली वजनच नाही. पायाने दोर दाबून धरा, किंवा खालच्या माणसाला हलकासा ताण द्यायला सांगा. यासाठी घर्षण कमी करणं हा उपाय नव्हे.

हार्नेसचा ब्रिज (यंत्र जिथे अडकवतात तो पुढचा दोरीचा तुकडा) आखूड असेल, कॅराबिनर (जोडणीची उघडमिट कडी) आडवा फिरलेला असेल, किंवा स्विव्हल (फिरता सांधा) अडकून यंत्र पिळलं जात असेल, तर दोर खुंट्यांवर सरळ बसत नाही. आडव्या फांदीवर बाहेर चालत गेल्यावर यंत्र कुशीवर पडतं, तेव्हाही असंच होतं. आणि अशा वेळी फांदी किंवा खोड लिव्हरवर टेकत नाही ना, हे डोळ्यांनी बघा. बाहेरून दाबलेला लिव्हर हा ॲडजस्टमेंटचा प्रश्न नाही, तो पडण्याचा प्रश्न आहे.

यंत्राची सफाई आणि झीज

आता यंत्र हातात घ्या. कोमट साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश एवढ्याने बहुतेक राळ-धूळ निघते. धातूवरची हट्टी राळ काढायला कापडावर थोडं स्पिरिट घेता येतं, पण यंत्र पुरतं सुकल्याशिवाय दोरावर चढवू नका. दोर जिथे टेकतो तिथे तेल कधीच नाही. सांध्यांना वंगण द्यायचं की नाही, आणि कुठलं, हे पुस्तिका सांगते.

सगळे सांधे बोटाने हलवून बघा. प्रत्येक हात आपल्या वजनाने पडतो का, स्प्रिंग परत आणते का, एखादी पिन डुगडुगते का. खुंट्यांवर दोराने पाडलेली खोबण नखाने चाचपा. थोडी खोबण पडली की दोर तिच्यात खोल बसतो आणि पकडीचा स्वभाव बदलतो. ती वाढत गेली की कडा धारदार होतात आणि दोर कापायला लागतात. कुठपर्यंत चालेल हे उत्पादक आकड्यांत किंवा खुणेने देतो. अंदाजाने ठरवू नका.

तडे हा वेगळा विषय. २०१३ साली झिगझॅग बनवणाऱ्या पेट्झल कंपनीने तिची पहिली आवृत्ती कड्यांमधल्या तड्यांच्या कारणावरून बाजारातून परत मागवली होती. तेव्हापासून यंत्र कुठलंही असो, चांगल्या उजेडात प्रत्येक कडीची भोकं आणि कडा बघणं माझ्या मते वैकल्पिक राहिलेलं नाही. उंचावरून कठीण जमिनीवर आपटलेलं यंत्र, तडा असलेलं यंत्र, वाकलेली पिन: यांना सेटिंग नसतं, ती बाजूला ठेवायची. पकड वाढावी म्हणून खुंटी कानशीने घासणं, बाहेरचा वॉशर घालणं, मूळ पिनेऐवजी बाजारचा बोल्ट ठोकणं हे सगळं ऐकायला येतं. त्याबद्दल फक्त "करू नका" एवढंच.

आता ॲडजस्टमेंट

इथवर येऊनही तक्रार उरली असेल तर घर्षण बदलायला हरकत नाही. पाय जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर राहतील अशी बसण्याची जागा करा. यंत्राच्या वर वेगळी प्रुसिक (दोराला आवळून धरणारी गाठ) किंवा दुसरा स्वतंत्र आधार लावा. अंगावर रोजचं सगळं सामान हवं: करवत, बूट, हेल्मेट. रिकाम्या अंगाने जमवलेलं सेटिंग करवत लटकवल्यावर खोटं ठरतं.

दोराचा सगळ्यात गुळगुळीत पट्टा यंत्रात आणा. खालचा मोकळा दोर कुणाला तरी हाताने वर उचलून धरायला सांगा, म्हणजे त्याचं वजन शून्य. यापेक्षा वाईट परिस्थिती कोरड्या दिवसात येणार नाही. यंत्राच्या लगेच वर दोराला चिकटपट्टीची खूण करा, बसा, हात सोडा, दोन मिनिटं थांबा. खुणेपासून यंत्र लांब गेलं का? मग हलकेच उसळ्या मारा. मग थोडं उतरून अचानक सोडा, लगेच पकडलं पाहिजे. मग चढून बघा.

सरकत असेल तर एकच घर घट्ट, आणि सगळी चाचणी पुन्हा. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. अकिंबोसारख्या यंत्रात वर आणि खाली अशा दोन जागी घर्षण बदलता येतं. तिथे हा नियम आणखी कडक पाळा: एक जागा स्थिर ठेवून दुसरी बदला. घातांकी हिशेब आठवा. यंत्र आधीच उंबरठ्यावर असेल तर एका घराचा फरक तुम्हाला वाटतो त्याहून मोठा असतो.

थांबायचं कुठे? वरच्या वाईट परिस्थितीत जे सगळ्यात सैल सेटिंग अजिबात सरकत नाही, ते तुमचं. त्याहून घट्ट केलं की चढताना दोर ओढत बसावा लागतो आणि उतरताना हिसके बसतात. हिसका म्हणजे वेग, वेग म्हणजे उष्णता, आणि मग दोरावर तो चकाकणारा पट्टा. जास्त घट्ट सेटिंग जास्त सुरक्षित असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. दोन घरांच्या मधोमध अडकलात, एक सरकतं आणि पुढचं अडकतं, तर घट्ट घर निवडा आणि दोर बदलण्याचा विचार करा. ते यंत्र त्या दोरासाठी बनलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे.

रोप रेंच वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी वेगळ्या. इथे सेटिंग म्हणजे गाठीचे वेढे आणि रेंचला गाठीशी जोडणाऱ्या टेदरची लांबी. टेदर ताठ हवा, लुळा पडला की रेंच वर उचलला न जाता गाठीवर येऊन बसतो. वजन टाकल्यावर गाठ थोडी खाली येते, त्याच हालचालीने रेंच कलला पाहिजे. आखूड टेदरमध्ये रेंच आधीच कललेला राहतो आणि चढताना दोर धरतो. लांब टेदरमध्ये तो उशिरा कलतो आणि सगळं वजन गाठीवर जातं. शिवाय वजन पेलायची जबाबदारी गाठीचीच आहे. रेंच काढला तरी तुम्हाला धरेल अशीच गाठ हवी. गाठीची दोरी चकाकायला लागली की ती बदला, ती स्वस्तातला भाग आहे.

ओला दोर

पाऊस आला की काय होईल याचा एक सरसकट नियम नाही. नायलॉन पाणी शोषतं, फुगतं आणि ओलं असताना काहीसं कमजोरही होतं. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही. ओला दोर जड होतो, म्हणून खालच्या मोकळ्या दोराची मदत वाढते आणि उंचावर यंत्र आणखी अडकतं. पण पृष्ठभागावर पाण्याचा थर असला की काही जोड्या सरकू लागतात. म्हणून वरचीच चाचणी एकदा मुद्दाम ओल्या दोरावर करून ठेवा, आणि कोरड्या-ओल्या दोन सेटिंगांची नोंद यंत्राच्या पिशवीत ठेवा: दोर कुठला, त्याची मोजलेली जाडी, एकेरी की दुहेरी, कुठलं घर. दोरावर बर्फ धरला असेल तर या यंत्रांवर भरवसा ठेवून चढू नये.

दुसऱ्याचं वजन

जमवलेलं यंत्र सहकाऱ्याला दिलंत तर ते त्याच्यासाठी जमवलेलं नाही. हलक्या माणसाखाली यंत्राचे हात कमी जोराने मिटतात आणि पकड उशिरा बसते, तर जड माणसाला उतरताना वेगळाच वेग मिळतो. बचावाच्या वेळी एका यंत्रावर दोन माणसं आली तर भार दुप्पट होतो. तुमचं यंत्र दोन माणसांसाठी प्रमाणित आहे का, आणि असल्यास कुठल्या जोड-ब्रेकसह, हे पुस्तिकेत आधीच वाचून ठेवा. त्या भाराखाली ते सुटतं कसं आणि थांबतं कसं याचा सराव अर्धा मीटर उंचीवर, वर दुसरा आधार लावून, दोघांनी मिळून करावा. सेटिंग तेव्हा बदलायला वेळ नसतो, त्यामुळे जादा घर्षण कुठून आणायचं हे ठरलेलं हवं: खालच्या माणसाने दोर धरून ताण द्यायचा, की वर आणखी एक कॅराबिनर घालून दोराला वळसा द्यायचा.